लाकडी साच्यात साबण दर वेळी कमी-जास्त का भरतो, आणि तो साचा एकदाच नीट कसा मोजून ठेवायचा

रेसिपी तीच, वजनकाटा तोच, घरी बनवलेला लाकडी बॉक्स पण तोच, आणि तरी एका वेळी साबण अगदी काठाला येऊन टेकतो तर पुढच्या वेळी वड्या बुटक्या निघतात, किंवा भांड्यात दोन वाट्या बॅटर (साबणाचं ओतायचं कच्चं मिश्रण) शिल्लक राहतं आणि ते घट्ट होत असताना आपण घरभर रिकामा डबा शोधत फिरतो. हे एकदा झालं तर ठीक आहे, पण माझं सलग चार बॅचला झालं आणि चारही वेळा मी दोष रेसिपीला दिला. तेल बदलून बघितलं, ट्रेस (म्हणजे घुसळून बॅटर किती घट्ट करायचं ते) कमी-जास्त करून बघितला, एकदा तर वजनकाट्यावरच संशय घेतला. रेसिपी बिचारी बरोबर होती, बॉक्सच मी चुकीचा मोजला होता आणि तोही एका नाही तर तीन-चार प्रकारे. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवते.

सगळ्यात मोठी चूक आधी सांगते कारण ती कबूल करायलाच लाज वाटते. माझा पहिला बॉक्स १८ मिमी प्लायचा होता, बाहेरून ३० सेंमी लांब, १२ सेंमी रुंद, १० सेंमी उंच. मी टेप लावली, तिन्ही आकडे गुणले, ३६०० आले, झालं, ३६०० घन सेंमीचा साचा! आता आतून बघा. लांबीतून दोन्ही बाजूंची प्लाय गेली, म्हणजे ३.६ सेंमी, उरले २६.४. रुंदीतूनही तेवढंच, उरले ८.४. उंचीतून तळाची एक प्लाय, उरले ८.२. गुणाकार येतो साधारण १८२०. म्हणजे निम्माच! "लाकडाची जाडी असून असून किती असणार" असं वाटतं, पण छोट्या बॉक्समध्ये ती भिंत निम्मी जागा खाऊन टाकते. त्या दिवशी उरलेलं बॅटर कशाकशात ओतलं ते विचारू नका. (अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात मात्र ओतलं नाही, तेवढी अक्कल होती. साबणातलं कॉस्टिक (कॉस्टिक सोडा) अ‍ॅल्युमिनियमला खातं आणि हायड्रोजन सुटतो, त्यामुळे साच्याला आतून चांदीसारखी फॉइल लावायची आयडिया कोणाच्या डोक्यात असेल तर ती पण सोडून द्या.)

बरं, आतून मोजलं तरी काम संपत नाही. साचा आपण काठोकाठ भरत नाही ना, मग उंची काठापर्यंतची धरून कसं चालेल? साबण जिथपर्यंत यायला हवा तिथे पेन्सिलने रेघ मारायची आणि उंची म्हणजे तळापासून त्या रेघेपर्यंत, बस. मी वर निदान दीड सेंमी मोकळं सोडते. दूध, मध, साखर असलं काही घालणार असाल तर दोन सेंमी सोडा, कारण साखरेमुळे साबण जास्त तापतो आणि तापला की फुगून वर येतो, कधीकधी चक्क मधून फुटून बाहेर वाहतो. माझ्या त्या बॉक्समध्ये रेघ ६.५ सेंमीवर आली. २६.४ गुणिले ८.४ गुणिले ६.५, म्हणजे साधारण १४४० घन सेंमी. ३६०० वरून १४४० वर आलो, आणि अजून लायनर (साच्याचं आतलं अस्तर) घातलेलंच नाही.

लायनर! बटर पेपर लावत असाल तर जाडीचा प्रश्न नाही, कोपऱ्यात नीट घडी बसली म्हणजे झालं. पण सिलिकॉनचं लायनर किंवा कडक प्लास्टिक शीट वापरत असाल तर ते मोजलंच पाहिजे. माझं लायनर ३ मिमी जाड आहे. तीनच मिमी, पण ते दोन्ही बाजूंना असतं, म्हणजे लांबीत ६ मिमी आणि रुंदीतही ६ मिमी. २६.४ चे झाले २५.८ आणि ८.४ चे झाले ७.८. आता ६.५ उंचीपर्यंत घनफळ भरतं फक्त १३०० च्या आसपास, म्हणजे त्या रबरी कापडाने १३० घन सेंमी खाल्ले, एक अख्खी वडी! आणि मी कधी पेपर लावायचे, कधी लायनर, जे हाताशी असेल ते, आणि वर विचारायचे की दर वेळी वेगळं का होतं.

आता घनफळावरून तेल किती घ्यायचं ते. साबण करणाऱ्यांमध्ये एक जुना हिशोब चालतो, घन इंचातलं घनफळ गुणिले ०.४ म्हणजे तेलाचं वजन औंसात. आपल्याला सेंमी आणि ग्रॅम सोयीचे, त्यात तोच आकडा ०.६९ होतो. घन सेंमी गुणिले ०.६९ बरोबर तेल ग्रॅममध्ये. लक्षात ठेवा, हे फक्त तेलांचं वजन आहे (तुपासारखे घट्ट बटर त्यातच धरायचे), पाणी आणि कॉस्टिक त्यावर वेगळं, ते लाय कॅल्क्युलेटरवर (तेलं भरली की कॉस्टिक आणि पाणी किती ते सांगणाऱ्या ऑनलाइन हिशोबावर) काढायचं. लायनरवाल्या माझ्या बॉक्सला १३०० गुणिले ०.६९ म्हणजे ९०० ग्रॅमच्या आसपास तेल लागतं. आणि मी काय घेत होते? एक किलो, कारण एक किलो हा गोल आकडा आहे आणि लक्षात राहतो!

पण इथेच गंमत आहे, आणि माझ्या मते बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. हा ०.६९ काही दगडावरची रेघ नाही, तो मधला आकडा आहे. तेल हलकं असतं, १०० घन सेंमी तेलाचं वजन ९२ ग्रॅमच्या आसपास भरतं, आणि कॉस्टिकचं पाणी चांगलं जड असतं. दोन्ही मिळून साच्यात किती जागा घेतील ते तुम्ही पाणी किती घालता यावर ठरतं. माझी नेहमीची रेसिपी म्हणजे ऑलिव्ह ४० टक्के, खोबरेल ३०, पाम २५ आणि एरंडेल ५, सुपरफॅट (साबण न होता मुद्दाम शिल्लक ठेवायचं तेल) ५ टक्के, त्यात एक किलो तेलाला कॉस्टिक येतं १४२ ग्रॅम. पाणी कॉस्टिकच्या दुप्पट घेतलं तर ते २८४ ग्रॅम. तेच पाणी तेलाच्या ३८ टक्के घेतलं, जे बऱ्याच कॅल्क्युलेटरमध्ये आधीपासूनच भरलेलं असतं, तर ३८० ग्रॅम. तेल तेवढंच, कॉस्टिक तेवढंच, पण बॅटर जवळजवळ ९५ ग्रॅम जास्त. माझ्या साच्याच्या तळाचं क्षेत्रफळ २०० चौ. सेंमी आहे, त्यात हे जास्तीचं पाणी पातळी जवळपास अर्धा सेंमी वर नेतं. रेसिपी "तीच" होती असं मी म्हणत होते ना, तेलं तीच होती, पाणी मात्र मूडप्रमाणे. डिझाइन करायचं असेल त्या दिवशी पाणी जास्त म्हणजे बॅटर सैल राहतं, आणि लवकर साच्यातून काढायचं असेल त्या दिवशी कमी. मग पातळी कशी सारखी राहणार?

म्हणून असं करा, पाण्याचं प्रमाण एकच ठरवा आणि त्याला स्वतःचा आकडा काढा. दुप्पट पाणीवाल्यांना ०.७० ते ०.७१ जवळ येतो, ३८ टक्केवाल्यांना ०.६७ जवळ. पहिली बॅच ०.६९ ने करायची, साबण रेघेच्या किती वर किंवा खाली थांबला ते पट्टीने मोजायचं, आणि पुढच्या वेळेपासून आपला आकडा वापरायचा. सुगंधी तेल तीन टक्के घातलं तरी एक किलोमागे ३० ग्रॅम वाढतात, दोन चमचे माती घातली तर त्याने फार फरक पडत नाही, पण फळाची किंवा भाजीची प्युरी पाण्यातून वजा न करता वरून घातली तर नक्की पडतो. आणि स्टिक ब्लेंडर वर-खाली करत फेस काढायची सवय असेल तर ती हवा पण बॅटरमध्ये जागा घेते, ब्लेंडर तिरका बुडवून आधी त्याच्या खालच्या घंटेसारख्या तोंडातली हवा आपटून काढायची आणि मग चालू करायचा. बॅटर फार घट्ट झाल्यावर ओतलं तर आत पोकळ्या राहतात आणि पातळी उगाच वर दिसते, म्हणून बॉक्स टेबलवर दोन-चार वेळा आपटायचा आणि मगच पट्टी लावायची.

गुणाकारावर भरवसा नसेल, किंवा बॉक्स थोडा वेडावाकडा असेल (घरी केलेला असतोच), तर पाण्याने मोजा. साचा लायनर किंवा पेपरसकट तयार करायचा, त्यात मोठी, सैल, भोक नसलेली प्लास्टिक पिशवी पसरायची, कोपऱ्यात बोटाने दाबून बसवायची आणि रेघेपर्यंत पाणी भरायचं. मग पिशवी उचलून बादलीत रिकामी करायची आणि पाण्याचं वजन करायचं. जितके ग्रॅम तितके घन सेंमी, कुठलाही हिशोब नाही. पिशवी कोपऱ्यात पूर्ण शिरत नाही म्हणून आकडा किंचित कमी येतो, पण त्याने साबण रेघेच्या जरासा खाली राहतो इतकंच, त्यामुळे चालतं. पिशवी मात्र ताणून घट्ट नको, ताणलेली पिशवी कोपरे गोल करते आणि आकडा बराच कमी दाखवते. मी पहिल्यांदा अशीच मोजली आणि खूश झाले की माझा गुणाकार चुकला. नव्हता चुकला.

आता दुसरी तक्रार. पातळी बरोबर, पण कापल्यावर मधल्या वड्या रुंद आणि टोकाच्या अरुंद. हे म्हणजे बाजूच्या फळ्या फुगल्या. लांब फळी मधे मोकळी असते, ओल्या जड बॅटरचा दाब तिला बाहेर ढकलतो, त्यात साबण तापतो, वाफ लाकडात शिरते. दोन्ही बाजूंना मधे तीन-तीन मिमी फुगली तर मधली वडी ७८ ऐवजी ८४ मिमी रुंद होते. आणि फक्त रुंदी नाही बदलत, पातळीही थोडी खाली बसते, म्हणजे वड्या बुटक्या का निघाल्या याचं उत्तर कधीकधी इथे असतं. उपाय अगदी सोपा आहे. एक लाकडी पट्टी घ्यायची, तिला खालून दोन खाचा पाडायच्या ज्या दोन्ही लांब फळ्यांच्या वरच्या कडेवर घट्ट बसतील, आणि साचा भरल्यावर ती मधोमध आडवी अडकवायची. किंवा सरळ एक क्लॅम्प लावायचा, फक्त तो इतका आवळू नका की फळी आत येईल, नाहीतर कमरेत बारीक झालेल्या वड्या मिळतील. नवीन बॉक्स करत असाल तर १२ मिमी पेक्षा पातळ प्लाय घेऊ नका. अख्ख्या लाकडाची फळी दिसायला छान असते पण लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने ओल धरून फुगतं, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाहीच, त्यामुळे रुंद फळी वाकून पन्हाळीसारखी होते. प्लायला हा त्रास कमी, कारण तिचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात.

एका टोकाच्या वड्या उंच आणि दुसऱ्या टोकाच्या ठेंगण्या येत असतील तर बॉक्स दोषी नाही, टेबल दोषी आहे. बॅटर स्वतः सपाट होतं, बॉक्स कलता असतो. स्पिरिट लेव्हल ठेवून बघा, खाली पुठ्ठा सरकवा, झालं. वड्या समोरून तिरक्या, म्हणजे चौकोनाऐवजी पतंगासारख्या निघत असतील तर बॉक्स गुण्यात नाही. स्क्रू पूर्ण आवळायच्या आधी आतले दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले पाहिजेत, आणि उभ्या कोपऱ्यात गुण्या लावून बघा.

खरं तर हे सगळं उलट्या टोकाने करायला हवं, हे मला तिसऱ्या बॉक्सला सुचलं. आपण हातात आलेल्या फळ्यांचा बॉक्स करतो आणि मग वडी कशी येईल ती येवो. त्यापेक्षा आधी वडी ठरवायची. मला क्युअर झाल्यावर (म्हणजे सुकून पक्की झाल्यावर) साधारण १०० ग्रॅमची वडी हवी होती. सुकताना पाणी उडतं, माझ्या साबणात वजन दहा टक्क्यांच्या आसपास उतरतं, पाणी जास्त घातलं तर त्याहून जास्त उतरतं. म्हणजे ताजी वडी ११० ते ११२ ग्रॅम हवी, आणि ताजा साबण पाण्याच्या जवळपास तेवढाच जड असतो, म्हणून वडीचं घनफळ ११० घन सेंमी धरलं. जाडी अडीच सेंमी हवी, मग वडीचं तोंड ४४ चौ. सेंमी हवं, ते मी ७.५ बाय ५.९ केलं. हातात आणि साबणदाणीत दोन्हीकडे बसतं. दहा वड्यांना २५ सेंमी लांबी, आणि दोन्ही टोकं अर्धा-अर्धा सेंमी छाटायला एक सेंमी जास्त, म्हणजे आतली लांबी २६. घनफळ ११५०, तेल ८०० ग्रॅमला थोडं कमी.

आता त्यावरून फळ्या. आतून २६ बाय ७.५, भिंत ७.५ उंच (५.९ साबण आणि वरची मोकळी जागा), प्लाय १८ मिमी, लायनर नाही, पेपर लावणार. तळ २९.६ बाय ११.१, लांब बाजू दोन २९.६ बाय ७.५, आणि टोकाचे दोन तुकडे ७.५ बाय ७.५, जे लांब बाजूंच्या मधे बसतात. चारही बाजू तळाच्या वर उभ्या. जाड लायनर वापरणार असाल तर आतलं माप आधी २६.६ बाय ८.१ धरा आणि मग हा हिशोब करा, लायनर नंतर आठवला की सगळं मुसळ केरात. अजून एक, १८ मिमी म्हणून घेतलेली प्लाय खरंच १८ आहे का ते मोजून बघा, माझी १७ निघाली आणि टोकाचे तुकडे खडखडायला लागले. एक टोक कायमचं न ठोकता स्क्रूने लावलं तर साबण ढकलून न काढता बॉक्स उघडून काढता येतो.

मोठा साचा करायचा असेल तर एक गोष्ट प्लीज डोक्यात ठेवा. सगळी मापं दुप्पट केली की साबण दुप्पट लागत नाही, आठपट लागतो. दुप्पट वड्या हव्यात? फक्त लांबी वाढवा. वडीचं तोंड तेच राहतं, कापणी तीच राहते, आणि साबण तापतो पण पूर्वीसारखाच. रुंदी आणि उंची दोन्ही वाढवली की ठोकळ्याच्या पोटातली उष्णता बाहेर पडत नाही, आणि लाकूड तर आधीच उष्णता धरून ठेवतं. मग मधे तडा, नाहीतर वर फुगून आलेली भेग. उलट लहान किंवा पसरट साचा लवकर गार होतो आणि फक्त मधलाच भाग जेल होतो (तापून अर्धपारदर्शक होतो), कापल्यावर प्रत्येक वडीत मधे गडद गोल दिसतो. लोक रंग चुकला समजतात. मोठ्या ठोकळ्याला पांघरूण घालू नका, लहान साच्याला घाला, एवढं केलं तरी पुष्कळ फरक पडतो.

आणि ओतताना लक्षात आलं की साचा भरणार नाही, तर? भांड्यात वरून तेल ओतायचं नाही, पाणी तर नाहीच. तेल वाढवलं की सुपरफॅट वाढतो आणि साबण मऊ, चिकट होतो, आणि घाईत तेलासोबत अंदाजाने कॉस्टिक पण वाढवलं तर तो साबण अंगाला लावायच्या लायकीचा राहत नाही. बुटक्या वड्या घ्यायच्या आणि गप्प बसायचं. जास्त झालं तर बाजूला एक-दोन छोटे सिलिकॉनचे कप आधीपासून काढून ठेवायचे, मी ते प्रत्येक बॅचला ठेवते, हिशोब बरोबर असला तरी.

अर्धी बॅच करायची असली की मी साचा बदलत नाही. टोकाच्या मापाचा एक जास्तीचा ७.५ बाय ७.५ तुकडा कापून ठेवलाय, तो आत सरकवायचा, त्याच्या मागे अडसर म्हणून लाकडाचा ठोकळा, आणि पेपर त्या तुकड्यावरून चढवायचा म्हणजे फटीतून गळत नाही. माझ्या साच्यात लांबीच्या प्रत्येक सेंमीला साधारण ३० ग्रॅम तेल लागतं, म्हणजे चार वड्या कमी हव्यात तर तुकडा १० सेंमी आत घ्यायचा आणि तेल ३०० ग्रॅम कमी करायचं. हे "सेंमीला इतके ग्रॅम" तुमच्या साच्याचंही काढा, वडीच्या तोंडाचे चौ. सेंमी गुणिले ०.६९. कॉस्टिक आणि पाणी मात्र प्रत्येक वेळी कॅल्क्युलेटरवर नव्याने, तोंडी हिशोब नको.

आणि चुकीच्या मापाचा जुना बॉक्स असेल तर फेकू नका. माझा तो २६.४ बाय ८.४ वाला आतून एका बाजूला ९ मिमी प्लायची पट्टी ठोकून ७.५ रुंद केला, आणि लांबीत राहिलेले ४ मिमी पेपरच्या घड्या आणि टोकाच्या छाटणीत जातात. त्याच्या तळाला बाहेरून मार्करने लिहिलंय: पेपर, रेघ ५.९, पाणी दुप्पट, तेल ८२०.